जहीरमियाँची सही

अकोल्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली टाईपरायटर मांडून बसणारे तेव्हा सात जण होते, अन् त्या सातांत सगळ्यात हळू माणूस म्हणजे जहीर. बोटं हळू नव्हती हो. बोटं तर अशी चालायची की शेजारी चहाची टपरी लावणारी केशरबाई म्हणायची, याच्या मशीनवर ज्वारी टाकली तर लाह्या फुटतीन. हळू होता तो एका सवयीपायी, अन् त्या सवयीपायी त्याच्यापुढची रांग पुढे सरकायचीच नाही.

त्या काळी कोणतीही नोकरी धरायची म्हणजे दोन भल्या माणसांची सर्टिफिकेटं लागायची. इंग्रजीत. चपराशी व्हायचं असो की मास्तर, कुणीतरी मोठ्या माणसानं लिहून द्यायचं की मी याला ओळखतो, हा असा असा आहे. मोठी माणसं फक्त सही करायची, मजकूर या कडुनिंबाखाली तयार व्हायचा. बाकीच्या सहा जणांकडे मजकूर ठरलेलाच होता. अमुक अमुक हा असा तरुण आहे, हू कॅन डू एनी वर्क, अँड हू विल गिव्ह फुल सॅटिसफॅक्शन. म्हणजे जो कोणतंही काम करू शकतो अन् जो पूर्ण समाधान देईल. नाव बदललं की झालं. दोन मिनिटांचा खेळ.

जहीर मात्र 'हू'पर्यंत आला की थांबायचा. मान वर करायचा अन् विचारायचा, "हे मी पाह्यलं काय?"

देवमन नावाचा एक जण मोटर ड्रायव्हरच्या जागेसाठी आला, तर जहीरनं मशीनवर टॉवेल टाकला, कमलाकांत वकिलांची जीप मागून घेतली अन् देवमनच्या शेजारी बसून कापूस बाजारापर्यंत जाऊन आला. आल्यावर लिहिलं, हू कॅन ड्राइव्ह. माणिकबाईला बोर्डिंगमध्ये स्वयंपाकाचं काम हवं होतं, तर तिला सांगितलं, उद्या येताना काही करून आण. तिनं पानग्या आणल्या. त्यानं दोन खाल्ल्या, एक केशरबाईला दिली, मग लिहिलं. अन् ज्याचं काही पाहता आलं नाही त्याला तो 'कॅन' द्यायचा नाही, 'मे' द्यायचा. करू शकत असावा. लोक चिडायचे. कमलाकांत वकील, ज्यांची सही बहुतेक सर्टिफिकेटांवर असायची, ते तर रोज टोमणा मारायचे, की मिया, सही माही हाय, घाम तुले काहून येऊन राहिला.

जहीर काही बोलायचा नाही. हसायचाही नाही. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, पण तोंड असं की जणू सगळ्या जिल्ह्याची शपथ यालाच घ्यायची आहे.

ही सवय त्याला लावली गोपाळकृष्ण मास्तरांनी.

जहीर मूळचा अमरावतीचा. बाप नासिर रंगारी. लुगडी, रुमाल, फेटे रंगवून द्यायचा, हात कोपरापर्यंत कायम जांभळे. बापाला वाटलं पोरानं रंगात हात घालू नये, म्हणून मराठी शाळेत टाकलं. तिथे नववीला इंग्रजी शिकवायला गोपाळकृष्ण पांढरीपांडे मास्तर. सडसडीत, काळी टोपी, अन् पुस्तक बंद करून शिकवायचे. म्हणायचे, पुस्तकातला जॉन कुणी पाहिलाय का? आपली माणसं घ्या. अन् एकच अट, वाक्य खरं पाहिजे.

'हू'नं दोन वाक्यं जोडायची तो धडा आला तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते जहीर मरेपर्यंत विसरला नाही. 'हू' म्हणजे आपला 'जो', त्यात काय, ते कुणालाही जमतं. खरी गोष्ट त्याच्या पुढच्या शब्दात. कॅन म्हणजे डोळ्यांनी पाहिलं. मे म्हणजे नुसतं कानांनी ऐकलं. विल हे देवाचं काम, तिथं जपून. शुड म्हणजे आपल्या मनातली इच्छा, ती कुणाहीबद्दल धरावी. अन् मस्ट म्हणजे सरकार, त्याच्या नादी लागू नका.

मग एकेकाला उभं केलं. जहीर उठला अन् छाती काढून बोलला, माय फादर इज अ मॅन हू कॅन स्विम अक्रॉस द वर्धा. माझे वडील वर्धा नदी पोहून पार करू शकतात.

"पाहिलंस?" मास्तरांनी विचारलं.

पाहिलं नव्हतं. बापच सांगायचा. मास्तरांनी शांतपणे त्याच्या वहीतला 'कॅन' खोडला अन् वर 'मे' लिहिला. एवढंच. पण पोराचा जीव असा कळवळला म्हणता. रात्री जेवला नाही. बापानं खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं की तुमचं पोहणं मास्तरांनी खोडलं.

नासिर रंगारी कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेला दरवर्षीसारखा रुमाल विकायला गेला, या वेळी पोराला घेऊन गेला. दुकान मांडलं, शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं, पोराला घाटावर बसवलं अन् म्हणाला, "बस अठी. डोये झाकू नोको." अन् शिरला नदीत. कार्तिकातलं पाणी, गारठा हाडापर्यंत जाणारा. पन्नाशीला टेकलेला माणूस पलीकडे गेला, तिकडच्या वाळूवर दोन मिनिटं बसला, अन् परत आला. दात वाजत होते. सोमवारी जहीर वर्गात उभा राहिला अन् म्हणाला पाहिलं. मास्तर म्हणाले, पाहिलं म्हणतोस, तर आधी कोणत्या हातानं पाणी मारलं ते सांग.

"डाव्या. पूर्ण नदी डाव्याच हातानं मारली. उजव्या हातात बिडीचं बंडल होतं, ते वर धरलं होतं."

मास्तर हसले, खूप हसले, टोपी काढून डोळे पुसले. मग त्यांनी 'मे' खोडला अन् स्वतःच्या हातानं 'कॅन' लिहिला. जो पाहतो त्याला हात सांगता येतो, असं म्हणाले. ती वही जहीरनं जपून ठेवली होती. बाप गेला तेव्हा तीच काढून बसला होता.

तर ही अशी सवय. मॅट्रिक झाल्यावर जहीर अकोल्याला आला, टायपिंग शिकला, हलीमाशी लग्न झालं, कडुनिंबाखाली जागा मिळाली. मास्तर अमरावतीलाच होते. साठ साली रिटायर झाले असं कळलं. नंतर कळलं की बायको वारली, अन् ते लेकीकडे अकोल्यालाच येऊन राहिले आहेत. जहीर दोनदा भेटून आला. मास्तर ओट्यावर बसलेले असायचे. त्याच्या आवाजावरून ओळखायचे. तोंडाकडे पाहायचे नाहीत, जरा बाजूला पाहायचे. जहीरला तेव्हाच कळलं असणार, पण माणूस काही गोष्टी कळूनही कळून घेत नाही.

चौसष्टच्या मे महिन्यात, डांबर वितळेल अशा उन्हात, मास्तरांची लेक सिंधू कचेरीसमोर आली. डोक्यावर पदर, हातात कागद. जहीर उठून उभा राहिला, केशरबाईकडून तिच्यासाठी पाणी मागवलं. सिंधूताईनं सांगितलं ते असं. अंजनगाव सुर्जीच्या एका शाळेत मॅट्रिक नापास पोरांसाठी इंग्रजीचा मास्तर पाहिजे होता. बाबांनी स्वतः तोंडानं सांगून, तिच्या हातून अर्ज लिहवून घेतला. शाळेच्या सेक्रेटरींचं उत्तर आलं, की तुमचं नाव आम्ही ऐकून आहोत, पण डोळ्यांचंही ऐकलं आहे. तुम्ही वर्ग घेऊ शकता असं कुणा जबाबदार माणसाचं सर्टिफिकेट आणा.

"बाबांचा एक डोळा काचबिंदूनं गेला जहीरभाऊ. दुसऱ्यात नुसत्या सावल्या. पाणी ओततात ते पेल्याच्या बाजूनं पडतं. मी पुसून घेते, त्यांना कळू देत नाही, अन् त्यांना कळतं."

जहीर खाली पाहत होता.

"तुम्हांला वाटत असेल, लेक बापाला घराबाहेर काढायला निघाली. आमचे हे तर हात जोडून म्हणतात, इथंच राहा. पण लेकीच्या घरी दोन दिवसाच्या वर राहू नये असं त्यांच्या डोक्यात बसलंय. त्यांची पिशवी आहे ना, कापडी, ती दोन वर्षांपासून खुंटीला आहे. मी फडताळ रिकामं करून दिलं. त्यात एक कपडा ठेवला नाही त्यांनी. धोतर पिशवीतून काढायचं, धुऊन वाळलं की परत पिशवीत. रोज. जसे उद्याच्या मोटरनं निघणार आहेत." ती थांबली. "मला फक्त ती पिशवी कुठंतरी रिकामी झालेली पाहायची आहे. माझ्या घरी नाही तर नाही."

अन् इथे जहीरनं आयुष्यात पहिल्यांदा ती चूक केली. कागद चढवला अन् थांबलाच नाही. पाहिलं काय असं स्वतःला विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायला भ्याला. पाहायला गेलो अन् मास्तरांना येत नसेल तर? मग तो काय लिहिणार होता, 'मे'? त्यापेक्षा न पाहिलेलं बरं. बोटं धडाधड चालली. गोपाळकृष्ण पांढरीपांडे हे असे शिक्षक आहेत, हू कॅन टीच एनी क्लास, अँड हू विल गिव्ह फुल सॅटिसफॅक्शन. बाकीच्या सहांचाच मजकूर. कमलाकांत वकिलांनी उभ्या उभ्या सही ठोकली अन् म्हणाले, आज सुधारला गडी.

संध्याकाळी तो स्वतः कागद घेऊन मास्तरांकडे गेला. मास्तर ओट्यावर होते, मागे खुंटीला ती पिशवी. म्हणाले, वाच. जहीरनं वाचलं. वाचताना आवाज जरा मोठाच केला.

समोरून एक म्हशींचा कळप गेला, त्याची धूळ खाली बसल्यावर मास्तर बोलले.

"पाहिलंस?"

"मास्तर, मी तुमच्याच हाताखाली शिकलो. अमरावतीले तीन वर्षं पाह्यलं."

"ते डोळे असताना. आता शिकवताना पाहिलंस? पोरं माझ्या कोणत्या हाताला बसली होती, सांग."

मास्तरांनी हात पुढे केला, कागद घेतला, चाचपडत चाचपडत त्याची चार घड्यांची पट्टी केली अन् त्याच्याच खिशात घातली.

"तुझ्या बापानं थंडीत नदी पार केली, ती एका शब्दासाठी. अन् मला तू फुकट देऊन राहिलास," ते म्हणाले. रागानं नाही हो. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. "मला दया लागत नाही जहीर. मला साक्षीदार लागतो. तुझ्या घरी इंग्रजीचं अक्षर न येणारं कुणी आहे का?"

"हलीमा हाय. पण ते..."

"मग रविवारी मला घेऊन चल. तू कोपऱ्यात बसायचं. मदत केलीस तर उठून येईन."

आता हलीमाबीचं सांगतो. ती पडदा पाळणारी. कमलाकांत वकील एकदा दारात आले होते तर पडद्याआडून बोलली, सरबत दिलं ते फक्त हात बाहेर काढून. जहीरला वाटलं ही कसली बसते मास्तरांपुढे. घाबरत घाबरत सांगितलं. ती भाकर थापत होती. विचारलं, त्यांले दिसते काय? तो म्हणाला, सावली दिसते.

"मंग परदा कोनासाठी? माह्या बापाच्या उमरीचे हायेत. येऊ द्या."

रविवारी सकाळी जहीर मास्तरांचा हात धरून घेऊन आला. चटई टाकली होती. मास्तर भिंतीला टेकून बसले. हलीमा समोर बसली, डोक्यावर ओढणी, पण तोंड उघडं, मांडीवर सूप. रिकाम्या हातानं बसायची तिला सवयच नव्हती. जहीर कोपऱ्यात, उकिडवा, आरोपी बसतो तसा.

मास्तरांनी कान दिला. सूप हललं. "तुरीची डाळ?"

"मुंगाची," हलीमा म्हणाली. "जवळ गेले पण."

तिथूनच सुरू. डाळीला काय म्हणतात, खड्याला काय म्हणतात, हात, डोळा, नवरा. मग म्हणाले, घरातलं एक माणूस सांग. ती म्हणाली, हे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नव्हतं तिला. मास्तर म्हणाले काही हरकत नाही, इंग्रजीतही नावाशिवाय भागतं, म्हण, माय हजबंड. तिनं म्हटलं. माय हजबंड इज अ मॅन. हेही म्हटलं, अन् तोंडाला ओढणी लावून हसली, की हे तर सगळ्याइलेच माहीत हाय.

"बरोबर. म्हणूनच ते वाक्य अर्धं. म्हण 'हू'. जो. आता जो काय? काय करता येतं त्याला?"

ती म्हणाली, टाईप. मास्तरांनी विचारलं पाहिलंस का. ती कचेरीत कधी गेलीच नव्हती, मशीन घरी कधी आलंच नव्हतं. मास्तर म्हणाले मग ते नाही चालणार, ऐकलेलं आहे ते. पाहिलेलं सांग.

हलीमा विचारात पडली. सूप थांबलं. मग तिनं कोपऱ्याकडे एकदा पाहिलं, अन् जहीरनं डोळ्यांनी नको नको केलं, पण ती कुठली थांबते.

"रोट्या करते. मी बिमार होती तवा. दरवाजा लावून."

"कोणत्या हातानं?"

"दोनी हातानं थापते, अन् तव्यावरची जयते."

मास्तर असे हसले की भिंतीवरची टोपी... म्हणजे डोक्यावरची टोपी भिंतीला घासून खाली पडली. हू कॅन मेक रोटी. तिनं ते वाक्य पाच वेळा म्हटलं, पाचव्यांदा न अडखळता. जहीर कोपऱ्यात कानापर्यंत लाल. कचेरीतला सगळ्यात करडा माणूस, अन् त्याच्या रोट्या इंग्रजीत निघाल्या.

'कॅन' झाला, आता 'मे' अन् 'शुड' राहिले, असं म्हणत टोपी शोधायला मास्तरांनी हात बाजूला नेला तो नेमका सुपावर पडला. सूप उलटलं. निवडलेली, न निवडलेली सगळी डाळ चटईभर. मास्तरांचा हात तिथेच थांबला, हवेत. चेहरा एकदम म्हातारा झाला. जहीर उठायला लागला, अन् त्याला अट आठवली, बसला. हलीमानं टोपी उचलून मास्तरांच्या हातात दिली अन् डाळ ओंजळीनं भरत भरत म्हणाली, "पुढचं सांगा ना. ते दुसरे कोनते होते, शुड?"

मास्तरांनी सांगितलं. जरा वेळानं आवाज जागेवर आला. शुड म्हणजे जे आहे ते नाही, जे व्हावं असं तुला वाटतं ते. त्याला पाहावं लागत नाही. तुझं तू कर. मी काही सांगणार नाही.

ती डाळ भरत राहिली. लाफ म्हणजे काय ते मघाशी हसण्यावरून आलं होतं. ओठातल्या ओठात चारदा म्हणून पाहिलं अन् मग एकदम, खाली पाहतच, बोलली.

"माय हजबंड इज अ मॅन हू शुड लाफ."

ज्यानं हसायला पाहिजे. तिला हे वाक्य कुणी दिलं नव्हतं. दीड तासापूर्वी जिला अक्षर येत नव्हतं तिनं लग्नाच्या पाच वर्षांची गोष्ट इंग्रजीत सांगितली होती, अन् जहीर भिंतीकडे तोंड करून बसला होता कारण दुसरीकडे तोंड नेता येत नव्हतं.

परत जाताना मास्तरांनी रस्त्यात विचारलं, काय पाहिलंस.

"हलीमा बोलली ते पाह्यलं."

"आणखी?"

जहीर चार पावलं चालला. मग म्हणाला, "डाळ सांडली ते पाह्यलं."

"मग दोन्ही लिही."

अन् त्यानं दोन्ही लिहिलं. रविवारची दुपार, कडुनिंबाखाली एकटा. त्या कागदाचा अर्थ असा होता, की हे असे शिक्षक आहेत, जे पुस्तकाशिवाय शिकवू शकतात. माझी बायको, जिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तिनं दीड तासात स्वतःचं, खरं, कुणी न सांगितलेलं वाक्य केलं. हे मी कोपऱ्यात बसून पाहिलं. हे असेही शिक्षक आहेत, ज्यांना फळा दिसू शकत नाही, अन् समोरचं सूप दिसू शकत नाही. त्यांच्या हातानं डाळ सांडली, तेही मी पाहिलं. फळ्यावर लिहायला ज्यांना एक विद्यार्थी दिला पाहिजे, असे ते आहेत. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

सोमवारी कमलाकांत वकिलांनी वाचलं अन् चष्मा कपाळावर ढकलला. "मिया, हे सर्टिफिकेट हाय का पंचनामा? मुंगाची दाय कोनी सर्टिफिकेटात घालते काय? हे दिसू शकत नाही वालं काढ, मंग करतो सही."

जहीर म्हणाला ते निघणार नाही. वकील म्हणाले मग सहीही होणार नाही. वकील वाईट माणूस नव्हता हो, त्याला खरंच वाटत होतं की या कागदानं म्हाताऱ्याचं नुकसान होईल. जहीरलाही तेच वाटत होतं. तो कागद घेऊन मास्तरांकडे गेला अन् म्हणाला सही मिळत नाही.

"वकिलानं पाहिलं होतं का?"

"नाही."

"मग त्याची सही कशाला? तू पाहिलंस, तू कर."

जहीरनं शेकड्यांनी सर्टिफिकेटं लिहिली होती, पण एकाखालीही त्याचं नाव नव्हतं. कोण विचारतं कडुनिंबाखालच्या माणसाला. तसं त्यानं मास्तरांना सांगितलंही, की माह्या सहीवर तुमची नोकरी जाईन. मास्तर म्हणाले, नसलेली नोकरी जात नसते. सिंधूताईनं आतून दौत-टाक आणून ठेवला. जहीरनं सही केली. सहीखाली वकील लोक बी. ए., एलएल. बी. लिहितात. त्यानं विचार केला अन् लिहिलं, हिज स्टुडंट. त्यांचा विद्यार्थी.

कागद गेला. मग वीस दिवस काही नाही. जहीर रोज पोस्टमनकडे पाहायचा अन् पोस्टमन रोज सिंधूताईच्या दारावरून पुढे जायचा. जेवण तुटलं त्याचं. एक 'नाही' लिहिलं नसतं तर काय बिघडलं असतं, असं त्याला सारखं वाटायचं. सिंधूताई ओट्यावर त्याला चहा द्यायची अन् पोस्टमन गेला त्या वाटेकडे पाहायची. खुंटीवर पिशवी तशीच. एकटे मास्तर तेवढे निवांत. म्हणायचे, खरं लिहिलंय ना, मग पाऊस पडो की ऊन.

एकविसाव्या दिवशी उत्तर आलं. सेक्रेटरींनी स्वतः लिहिलं होतं, मराठीत. आमच्याकडे अकरा अर्ज आले. दहा माणसं कोणतंही काम करू शकतात अन् पूर्ण समाधान देतील. तुमच्या एकट्याच्या कागदात डाळ सांडली. त्यामुळे उरलेलं खरं वाटलं. नेहमीचे वर्ग देता येणार नाहीत, ते शाळेला झेपणार नाही. नापास पोरांचा दुपारचा वर्ग घ्यावा. फळ्यावर पोरं लिहितील. शाळेमागे एक खोली आहे.

सिंधूताईनं पत्र वाचलं अन् आत गेली. बराच वेळ आतच होती. निघायच्या दिवशी मोटर स्टँडवर तिनं बापाला खिडकीपाशी बसवलं, दशम्यांचा डबा दिला. अन् मोटर हलली तशी जहीरला म्हणाली, दिवाळीत तुम्ही जाऊन या. पिशवीचं तेवढं पाहून या. मला जाववत नाही, मी गेले तर परत घेऊन येईन त्यांना.

दिवाळी झाल्यावर जहीर गेला. हलीमानं शेवया बांधून दिल्या. पानमळ्यांच्या वाटेनं मोटर अंजनगावला लागली तेव्हा दुपारचा वर्ग चालू होता. तो आत गेला नाही. खिडकीशी उभा राहिला. वीसेक दांडगट पोरं, दोन-तीन मिशीवाली. मास्तर खुर्चीत, टोपी सरळ. त्यांच्या डाव्या हाताला पोरं, उजव्या हाताला फळा, हे त्यानं मुद्दाम पाहून घेतलं. एक मिशीवाला उठून सांगत होता, माझा मामा असा माणूस आहे जो बिबट्याला मारू शकतो, हू कॅन किल.

"पाहिलंस?" मास्तरांचा आवाज आला. पोरगं म्हणालं हो. "मग कोणत्या हातानं मारला?"

पोरगं अडकलं. बराच वेळ अडकलं. मग म्हणालं, "मास्तर, बिबट्या मेल्याच्या नंतर पाह्यला. अन् मामाचा हात तवा चड्डीत होता, नाडी सुटली होती भेवानं."

अन् बाहेर, खिडकीशी, जहीर हसला. असा हसला की शेवयांचा डबा हातातून पडता पडता राहिला. वर्ग वळून पाहायला लागला. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"कोण हसलं?"

"मी, मास्तर. जहीर."

"कोणता जहीर? मला एक जहीर माहीत आहे, पण तो हसत नाही. त्याच्या बायकोचं तसं वाक्य आहे माझ्याकडे."

वर्ग सुटल्यावर मास्तर त्याला खोलीकडे घेऊन गेले. जहीरनं हात धरायला केला, तर त्यांनी धरू दिला नाही. भिंतीला बोटं लावून बारा पावलं, मग एक पायरी, मग दार. खोली लहानशी, फडताळात दोन धोतरं, एक कोट, पुसून ठेवलेला पेला. जहीरनं भिंतींकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, अन् मग मागच्या दाराकडे.

तो त्याच संध्याकाळच्या मोटरनं अकोल्याला परतला. सकाळी कचेरीत जायच्या आधी सिंधूताईच्या ओट्यावर गेला. ती दारातच उभी होती.

"पाह्यलं ताई," जहीर म्हणाला. "धुतलेली होती. मागच्या अंगणात दोरीवर उलटी वायत होती. बुडाले डाव्या बाजूनं शिवन उसवली हाय, चार बोटं. आत काही नव्हतं."